ओढ्यातला नर

"मॅडम, गेंडा दिसणार ना नक्की?" होडीत पाय टाकता टाकता धारपांनी विचारलं.

"दिसणार," मी म्हटलं.

"नाही, हमी आहे म्हणून विचारलं."

हमी होतीच. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होती. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले जावा गेंडे, आणि त्यांतला एक तरी दाखवल्याशिवाय आम्ही तुम्हाला परत पाठवणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी याच प्रश्नाला ‘नशिबात असेल तर’ असं उत्तर द्यायचे. लोक मग जंगलाकडे डोळे फाडून बघत बसायचे. कितीतरी जण गेंडा न बघताच परत गेले, आणि तरी निरोप घेताना खूश होते. आता कोणी काही शोधत नाही. आम्ही फक्त जाऊन पोचतो.

मी विशाखा आठल्ये. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पोटापाण्यासाठी मराठी पर्यटकांची वाटाडी. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या अभयारण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सुरुवातीला मी चिखलातून गेंड्यांची विष्ठा गोळा करत फिरायचे. आता पुण्या-नाशकाकडच्या माणसांना गेंडा दाखवते, त्यांच्या अंघोळीला गरम पाणी मिळतंय का बघते, आणि शिबिरातल्या स्वयंपाक्याला साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते सांगते. या सगळ्यांत साबुदाण्याचं काम सर्वांत जिकिरीचं आहे.

होडीत पुढच्या फळीवर भाऊ बसले होते. भाऊ म्हणजे माझे वडील. देवरुखच्या शाळेत त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. मुलगी परदेशात गेंड्यांच्या मागे हिंडते याबद्दल ते कधी रागावले नाहीत, पण कधी एका शब्दाने विचारलंही नाही. आई गेल्यावर या वर्षी अचानक म्हणाले, "तुझा तो गेंडा बघून घेतो एकदा." मला आनंद झाला. खरं सांगायचं तर इतका झाला की माझी मलाच लाज वाटली. या वयात बापाच्या कौतुकाची वाट बघत असू नये माणसाने.

"विशू, मागच्या बाईंच्या चिवड्याची पिशवी पाण्यात पडेल हो," भाऊ म्हणाले. जंगलाबद्दल त्यांचं अद्याप काही मत झालेलं दिसत नव्हतं.

जंगलातला हा सगळा बदल ‘नाका’मुळे झाला. यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे, पण इथली माणसं त्याला ‘हिदुंग’ म्हणतात, म्हणजे नाक. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. कुठलाही प्राणी चालता चालता स्वतःला थोडा थोडा सांडत असतो. कातडीचा कोंडा, लाळ, लघवी, केस. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. तो हवेत तरंगतो, ओढ्याच्या पाण्यात उतरतो. नाक ही हवा आणि पाणी ओढून घेतं, त्यातले डीएनएचे तुकडे वाचतं आणि चहा उकळेपर्यंत सांगून मोकळं होतं, की इथे गेंडा आला होता, तो नर होता की मादी, आणि आपल्या ओळखीच्यांपैकी कोण. डीएनएची साखळी उन्हापाण्यात तुटत जाते. त्यामुळे तुकडे लांब असतील तर प्राणी नुकताच गेलाय, आखूड असतील तर माग जुना आहे, हेही कळतं. जंगलभर अशी नाकं बसवलेली आहेत. रोज सकाळी माझ्या हातातल्या पडद्यावर प्रत्येक गेंड्याचा ठावठिकाणा उमटलेला असतो.

हे यंत्र बनवलं बू रेतनोंनी. ‘बू’ म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतात तसं. त्या माझ्या वरिष्ठ, आणि या परक्या मुलखात मला घरचं म्हणावं असं एकच माणूस. गेंड्यांच्या मागे न धावता, त्यांना बेशुद्ध न करता, त्यांच्या नकळत त्यांची मोजदाद करता यावी, एवढाच बाईंचा हेतू होता. पण जे मोजता येतं ते दाखवताही येतं, हे पर्यटनवाल्यांच्या लवकर लक्षात आलं. त्यातून राखणदारांचा खर्च भागतो, म्हणून आम्ही गप्प बसलो.

मग साथ आली. गुरांवरच्या माशीने रक्तातला एक जंतू जंगलात नेला आणि एकामागून एक गेंडे गेले. नाकाने प्रत्येक मृत्यूची बातमी अगदी वेळेवर दिली, थांबवता एकही आला नाही. आता उरल्यात काही म्हाताऱ्या माद्या, तुआ नावाचा एक म्हातारा नर, आणि सेकर. सेकर हीच काय ती तरुण मादी, आणि तुआ तिचा बाप.

गेंड्याच्या मादीचं एक दुखणं आहे. ती माजावर येत राहिली आणि गाभण राहिलीच नाही, तर तिच्या गर्भाशयात गाठी धरतात आणि ती कायमची वांझ होते. सेकरच्या गाठी धरायला लागल्या होत्या. म्हणून ठरलं होतं, की याच कोरड्या ऋतूत तिला पकडायचं, तिची अंडी काढायची आणि तुआच्या साठवलेल्या वीर्याशी प्रयोगशाळेत त्यांचा संयोग करायचा. बाप-लेकीची संतती म्हणजे दुबळी, रोगट संतती. पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी. सापळ्याचं कुंपण बांधून तयार होतं. ही संधी गेली असती तर दुसरी नव्हती.

आणि ऐन वेळी नाकाला नवा नर सापडला.

आमची होडी पोचली त्याच्या दुसऱ्याच सकाळी, शिबिराखालच्याच ओढ्यात सापडला. बू रेतनोंचा फोन आला तेव्हा मी पर्यटकांच्या सामानाच्या गोंधळात होते.

"विशाखा, नर आहे! तुआ नव्हे. आपल्या ओळखीचा कोणीच नव्हे!" बाई हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "अगं, इतकी वर्षं होता कुठे हा?"

मी सामानाच्या ढिगाऱ्यावर बसले आणि मीही रडले. कितीतरी दिवसांनी मनापासून बरं वाटलं होतं. सेकरला पकडणं पुढे ढकललं गेलं. तिला कुंपणात कशाला कोंडायचं? ती माजावर येतेय, तो जवळपास आहे, त्या दोघांची गाठ पडू दे. बाईंचा चेहरा पडद्यावर दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

नर रोज सकाळी त्याच ओढ्यात ‘दिसत’ होता. दिसत म्हणजे नाकाला. कॅमेऱ्यात नाही, चिखलात पाऊल नाही. आणि तुकडे आखूड येत होते.

"इथलं पाणी कुजलेल्या पानांचं आहे," बाई म्हणाल्या. "त्यात साखळ्या लवकर तुटतात. पण वाहत्या ओढ्यात जुना माग टिकेल कसा? रोज येतोय म्हणजे तो रोज येतोय."

मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

*

शिबिरातली ती सकाळ मला पुढे बऱ्याचदा आठवत राहणार आहे, आणि त्याला इलाज नाही. नाश्त्याचा पसारा चालला होता. धारपांना चहा पुळकवणी लागत होता. तेवढ्यात बू रेतनोंचा फोन आला.

"एक गंमत ऐक. संग्रहालयांमधल्या जुन्या कातड्यांशी ह्या नराचा डीएनए जुळवून पाहिला. सगळ्यात जवळचा कोणाशी जुळावा? सुंदरबनातल्या गेंड्याशी."

जावा गेंडा एके काळी बंगालपर्यंत पसरलेला होता. तिकडची शाखा शंभरेक वर्षांपूर्वी शिकारीत संपली.

"म्हणजे ती शाखा इथल्या कुठल्यातरी डोंगरामागे लपून राहिली होती," बाई सांगत होत्या. "नवं रक्त, विशाखा. अगदी नवं रक्त."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. बंगाल म्हटल्यावर मला काशी आठवली, आणि काशी म्हटल्यावर आमचं देवघर.

आमच्या कुठल्याशा पूर्वजाने काशीला राहून वेदाध्ययन केलं होतं. तिथे एका बंगाली यजमानाने त्याला एक काळी, ओंजळीत मावेलशी वाटी दक्षिणा दिली. तिला घरात खड्गपात्र म्हणतात. तलवारीशी तिचा काही संबंध नाही, श्राद्धाच्या पोथीत खड्ग म्हणजे गेंडा. त्याच्या शिंगाच्या पात्रातून दिलेलं पाणी पितरांना पोचतं म्हणे. लहानपणी आम्हाला त्या वाटीला हात लावायची बंदी होती. मोठेपणी मी गेंड्यांवर प्रबंध लिहिला, पण ती घरातली वस्तू. तिच्याकडे गेंडा म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी ओढ्याकडे उतरले. भाऊ गुडघाभर पाण्यात दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. जानवं उजव्या खांद्यावर. हातात तीळ आणि ती वाटी. ओठ हलत होते आणि अंगठ्याच्या बाजूने पाण्याची धार ओढ्यात पडत होती. थोड्याच अंतरावर, खालच्या अंगाला, झाडाच्या मुळाला बांधलेलं नाक होतं.

तर्पण चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. जगातल्या शेवटच्या गेंड्यांचा प्रश्न होता, आणि मी काठावर हात बांधून, वडिलांचं तर्पण संपायची वाट बघत उभी राहिले. दुसरं काही मला सुचलंच नाही. शेवटची ओंजळ सोडून त्यांनी वाटी ओढ्यात खळखळून विसळली.

"भाऊ, ही वाटी घरून आणलीत?"

"मग? पितृपक्ष चाललाय गो. तांब्याच्या पळीने उरकू म्हणतेस?"

"विमानतळावर कोणी काही बोललं नाही?"

"एकाने उलटीसुलटी करून पाहिली. करवंटी आहे, म्हटलं. त्याने वास घेतला नि दिली परत." भाऊंना त्याची अजून गंमत वाटत होती. "तसं माहीत होतं हो, बंदी आहे ते. पण पंधरवड्यात पितरांना उपाशी ठेवायचं म्हणजे काय?"

मी त्यांना काठावरच्या दगडावर बसवलं आणि सगळं सांगितलं. नाक काय करतं, नवा नर कसा सापडला, तुकडे आखूड का होते. ओलं शिंग हातात फिरलं की त्याचे बारीक कण सुटतात, ते कसे वाहत जातात. चांगल्या शिक्षकासारखे ते शांतपणे ऐकत राहिले.

"म्हणजे तो गेंडा ओढ्यात नाहीच?"

"नाही. तुमच्या हातात आहे."

त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि ती पंच्यात गुंडाळली.

"मग आता?"

"बाईंना सांगावं लागेल."

"आणि मला काय करतील?"

इथे शिंगाचा तुकडा बाळगला तरी तुरुंग आहे. कायदा कडक आहे आणि तो तसा व्हावा म्हणून आम्हीच भांडलो होतो.

"विशू," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मला इथे मरायचं नाहीये गो. भाषा नाही, माणूस नाही. तू सांगू नकोस. ही वाटी मी समुद्रात टाकून देतो. कोणाला कळणारही नाही."

"वाटी टाकलीत तरी ते त्या नराची वाट बघत बसणार, भाऊ. आणि तोवर सेकरचं सगळं संपलेलं असेल."

"सांगू नकोस," ते पुन्हा म्हणाले.

मी सांगितलं नाही. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. मी फार थकले होते. वर्षानुवर्षं मेलेली जनावरं मोजून थकले होते, आणि आता माझ्या म्हाताऱ्या बापाला मीच तुरुंगात पाठवायचं होतं. कोणीतरी माझ्यासाठी हे ठरवून टाकावं असं वाटत होतं. तसं कोणी नव्हतं, म्हणून मी धारपांसाठी नवा चहा टाकायला सांगितला.

*

दुपारी आम्ही मचाणावर होतो. मचाण नदीच्या वळणावर, चिखलाच्या डबक्यासमोर आहे. पडद्यावर सेकरचा ठिपका डबक्याकडे सरकत होता. मी ठरावीक माहिती ठरावीक आवाजात सांगितली. बोलू नका, वाकू नका, डबे उघडू नका.

वेताच्या जाळीतून आधी तिचं तोंड आलं, मग ते घड्या पडलेलं राखी अंग. मचाणावर धारपही फोन खाली ठेवून नुसते बघत राहिले. इतक्या वेळा पाहूनही मी माझी ठरावीक माहिती विसरतेच. हा प्राणी जगात आहे आणि आपल्या समोर उभा आहे, एवढ्यानेच.

पण सेकर चिखलात लोळली नाही. ती डबक्याभोवती फिरत राहिली. झुडपांवर लघवीचे फवारे मारले, नाक वर करून वारा हुंगला, आणि मग लांबलचक, कापरा आवाज काढला. शिट्टी आणि कण्हणं यांच्या मधला. आवाज काढून ती थांबली. कान फिरवून ऐकत राहिली. पुन्हा तोच आवाज.

"काय करत्येय ती?" भाऊंनी माझ्या कानाशी विचारलं.

"बोलावतेय. माजावर आहे ती. नराला बोलावतेय."

"कोण आहे मग जवळपास?"

"कोणी नाही, भाऊ. तुमची वाटी आहे."

असं बोलायला नको होतं. पण ते तोंडून गेलं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. भाऊ कठड्याला धरून उभे राहिले. सेकर ओरडत होती, थांबत होती, ऐकत होती. मागच्या बाई कुजबुजल्या, "किती गोड आवाज आहे, नाही?" भाऊंनी वळून त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या गप्पच झाल्या.

शिबिराच्या धक्क्यावर उतरल्यावर बाकीची मंडळी चहाकडे पळाली, आणि भाऊ तिथेच थांबले.

"त्या वाटीतनं काही मिळेल का?"

"काय मिळेल?"

"तू म्हणालीस ना, नवं रक्त. ते वाटीत आहे की नाही?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी दिवसभर फक्त तुरुंगाचा विचार करत होते. शिंगात जिवंत पेशी नसतात, त्यापासून गेंडा जन्माला येत नाही. पण डीएनए असतो. आखूड तुकड्यांत, तरी अख्खा. त्याची पूड केली तर तुकडे जोडून त्या नराची संपूर्ण जनुकीय संहिता वाचता येईल. सेकर आणि तुआच्या गर्भात बाप-लेकीमुळे जिथे जिथे तोच दोष दोन्हीकडून आलेला असेल, तिथे ह्या बंगाली नराची निरोगी संहिता लिहिता येईल. हे तंत्र गाईगुरांत रुळलेलं आहे. मी हे सगळं भाऊंना सांगितलं.

"म्हणजे पोथीची पानं कसरीने खाल्ली, की दुसऱ्या प्रतीवरून ती लिहून काढायची."

"तसंच."

"आणि दुसरी प्रत ही एवढीच उरल्येय?"

"संग्रहालयातल्या कातड्यांना इतकी रसायनं चोपडलीत की त्यांतून कशीबशी ओळख पटते. अख्खी संहिता नाही मिळत. आणि सेकरची अंडी आत्ताच काढायला हवीत. काढलेली अंडी टिकत नाहीत, दुरुस्ती लगेच करावी लागते, म्हणून त्याच्या आधी वाटी वाचून झाली पाहिजे."

"पूड म्हणजे वाटी जाणार."

"जाणार."

भाऊ समुद्राकडे वळले. मग म्हणाले, "तर्पणात शेवटी एक ओंजळ असते विशू. आपल्या कोणाची नाही. ज्यांच्या मागे पाणी द्यायला कोणीच उरलं नाही, त्यांच्यासाठी ती. मी रोज सोडतो ती ओंजळ. ज्याच्या शिंगातनं सोडतो, तो त्यांतलाच आहे, हे एवढी वर्षं डोक्यात आलं नाही माझ्या." त्यांनी पंच्याने डोळे पुसले. "लाव फोन बाईंना."

"तुरुंग आहे भाऊ."

"ऐकलं मी. लाव."

*

बू रेतनोंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावतील, ओरडतील असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुकडे आखूड होते," त्या शेवटी म्हणाल्या. "मला दिसत होतं, विशाखा. रोज दिसत होतं."

दुसऱ्या दिवशी त्या बोटीने अभयारण्याच्या कार्यालयात आल्या. त्यांचा चेहरा पुन्हा आपल्या वयाचा झाला होता. सेकरला पकडायचा हुकूम त्यांनी येतानाच दिला होता. धारप आणि बाकीची मंडळी सामान बांधत होती. मी त्यांना एवढंच सांगितलं, की भाऊंच्या कागदपत्रांचं थोडं काम आहे.

व्हरांड्यात बाईंनी भाऊंना वाकून नमस्कार केला. मग इंग्रजीत, त्यांनाही नीट कळेल अशा सावकाश शब्दांत, काय होणार आहे ते सांगितलं.

"साहेब तुम्हाला विचारतील, ही वस्तू कशाची आहे ते तुम्हाला ठाऊक होतं का. नव्हतं म्हणालात, तर तुम्ही फसवले गेलेले वयस्कर पाहुणे. उद्या सगळ्यांबरोबर विमानात बसाल. पण मग ही कोणी बनवली, कोणी विकली, याची चौकशी सुरू होते, आणि ती संपेपर्यंत वाटी मुद्देमाल म्हणून सीलबंद राहते. अशा चौकशा वर्षानुवर्षं चालतात."

"आणि ठाऊक होतं म्हटलं तर?" भाऊंनी विचारलं.

"तर चौकशी उरत नाही. वाटी त्याच दिवशी सरकारजमा होते आणि मला मिळते. आणि तुम्हाला एक वर्ष. कदाचित थोडं कमी. मी रोज भेटायला येईन. पण मी तुम्हाला काहीच सांगत नाहीये. काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

मला त्या क्षणी बाईंचा भयंकर राग आला. काहीच सांगत नाही म्हणे. एका वर्षाने भाऊ ब्याऐंशीचे होणार होते.

आतले अधिकारी पाक हेंद्रा, म्हणजे हेंद्रासाहेब, माझ्या ओळखीचे. साथीच्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून मेलेले गेंडे पुरले होते. त्यांनाही हे काम नको होतं, ते त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. नियम असा की जबाब आरोपीच्या मातृभाषेत घ्यायचा आणि दुभाषी सांगेल तोच लिहायचा. त्या अख्ख्या टोकावर मराठी येणारी दुभाषी मी एकटी.

वाटी टेबलावर ठेवलेली होती. हेंद्रांनी प्रश्न विचारला. मी तो भाऊंना सांगितला.

"विचारतायत, ही गेंड्याच्या शिंगाची आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का."

"ठाऊक होतं," भाऊ म्हणाले. "करवंटी म्हणून खोटं सांगून आणली, तेही सांग."

मी हेंद्रांकडे वळले. "ते म्हणतात, त्यांना ठाऊक नव्हतं," मी त्यांच्या भाषेत म्हटलं. "तिदाक ताहू."

ठरवून नाही म्हटलं. माझ्या तोंडाने ते परस्पर म्हणून टाकलं. सेकर नको, गर्भ नको, काही नको, मला माझा बाप घरी न्यायचा होता.

हेंद्रांनी मान हलवली. त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं स्पष्ट दिसलं. ते लिहायला लागले. बू रेतनोंना मराठी येत नाही, पण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं, आणि हे त्यांना माहीत होतं.

"थांब," भाऊ म्हणाले.

‘तिदाक’ म्हणजे नाही, एवढं त्यांना आलेलं होतं. शिबिरात पुन्हा पुन्हा भात वाढायला येणाऱ्या वाढप्याला थांबवायला त्यांनी तो शब्द शिकून घेतला होता. त्यांनी हेंद्रांच्या कागदावर हात ठेवला.

"तिदाक नाही," ते म्हणाले आणि जोरात मान हलवली. मग वाटीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. "या. या."

‘या’ म्हणजे हो.

हेंद्रांचं पेन थांबलं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नियमाने त्यांना भाऊंचं ऐकता येत नव्हतं, फक्त माझं ऐकता येत होतं.

"विशाखा," ते हळूच म्हणाले, "मी काय लिहू? तू सांगशील ते लिहीन."

भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात कागदावरून उचलला नव्हता. त्यांना भीती वाटत होती. ओढ्याकाठी वाटली होती तेवढीच आताही वाटत होती, हे मला दिसत होतं.

"त्यांचंच लिहा," मी म्हटलं. "त्यांना ठाऊक होतं."